काळा घोड्याचा वीकेंड: बघायला फुकट, चित्र घरी आणायला किती?

मुंबईच्या काळा घोडा कला महोत्सवाला तिकीट नाही. मांडणशिल्पं, नाच-गाणं, नाटक, लेखकांच्या गप्पा, सगळं फुकट. तरीही दोघं जण दिवसभर फिरून घरी परतेपर्यंत दोन-तीन हजार सहज गेलेले असतात. एखादं चित्र घेतलं असेल, तर लेबलावरच्या किमतीपेक्षा बरंच जास्त गेलेलं असतं. हे पैसे कुठे जातात, त्यातले कोणते वाचवता येतात आणि कोणते वाचवू नयेत, ते बघू.

कधी जायचं

महोत्सव नऊ दिवसांचा असतो. जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका शनिवारी सुरू होतो आणि पुढच्या रविवारी संपतो. म्हणजे तुमच्या हाती दोन शनिवार-रविवार येतात. तारखा दरवर्षी सरकतात. २०२४ मध्ये २० ते २८ जानेवारी होत्या, २०२५ मध्ये २५ जानेवारी ते २ फेब्रुवारी. गेल्या वर्षीची तारीख धरून गाडीचं आरक्षण करू नका.

रस्त्यावरचे स्टॉल साधारण सकाळी दहा-अकराला उघडतात आणि रात्री दहापर्यंत चालतात. शनिवार-रविवारी संध्याकाळी पाचनंतर रॅम्पार्ट रो या महोत्सवाच्या मुख्य रस्त्यावर चित्रासमोर दोन मिनिटं थांबणंही अवघड होतं. मागची गर्दी तुम्हाला पुढे ढकलत राहते. सोबत लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल, किंवा खरोखर काही विकत घ्यायचं असेल, तर सकाळी अकरा ते दुपारी दोन ही वेळ धरा. ऊन लागतं, पण कलाकार मोकळा असतो, बोलतो, चित्र खाली काढून दाखवतो.

पहिल्या शनिवारी निवड जास्त मिळते. शेवटच्या रविवारी दुपारी किमतीत थोडी सैल चर्चा होऊ शकते, कारण उरलेला माल परत न्यायचा खर्च कलाकारालाही नको असतो. पण आवडलेलं चित्र तोवर राहीलच, याची खात्री धरू नका.

फक्त चित्रं-शिल्पंच बघायची असतील आणि गर्दी नको असेल, तर जानेवारीत होणारा मुंबई गॅलरी वीकेंड गाठा. २०१२ पासून चालू आहे आणि प्रवेश फुकट आहे. कुलाबा-फोर्टातल्या, एरवी रविवारी कुलूप असणाऱ्या गॅलऱ्या त्या रविवारी उघड्या असतात. दाराशी घंटी असली तर बिनधास्त वाजवा. विकत घेणार का, असं कोणी विचारत नाही आणि विचारलं तरी ‘बघायला आलोय’ हे पुरेसं उत्तर आहे.

पोहोचायचं कसं

गाडी आणू नका. आजूबाजूचे रस्ते बंद असतात, पार्किंग शोधण्यात तास जातो आणि चुकीच्या जागी लावली तर दंड होतो. सर्वांत सोयीचं स्टेशन मेट्रो-३ चं हुतात्मा चौक. तिथून पाच-सात मिनिटं चालायचं. ऑक्टोबर २०२५ मध्ये ही मार्गिका आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. तेव्हा ठरलेलं भाडं अंतरानुसार १० ते ७० रुपये. लोकलने येत असाल तर चर्चगेटहून पंधरा मिनिटं आणि सीएसएमटीहून पंधरा-वीस मिनिटं चालावं लागतं. बेस्टचं किमान भाडं मे २०२५ पासून साध्या बसला १० आणि एसीला १२ रुपये आहे. काळी-पिवळी टॅक्सीचं किमान भाडं फेब्रुवारी २०२५ पासून ३१ रुपये. स्टेशनबाहेर कोणी ‘काळा घोडा, दोनशे’ म्हणाला तर मीटर टाकायला सांगा, नाहीतर चालत सुटा. या भागात रिक्षा मिळत नाही.

रविवारी येणाऱ्यांनी आदल्या रात्री लोकलच्या मेगाब्लॉकची बातमी वाचल्याशिवाय निघू नका. ठाणे-कल्याण आणि हार्बरवाल्यांचा अर्धा दिवस यातच जातो.

पुण्याहून एका दिवसात करायचं तर डेक्कन क्वीन सकाळी सव्वासातला निघते. पण तीच गाडी सीएसएमटीहून संध्याकाळी पाच-दहाला परत फिरते आणि महोत्सवाचे मोठे कार्यक्रम सुरू होतात त्यानंतर. नाशिककरांची पंचवटीसुद्धा सहानंतर लगेचच निघते. कार्यक्रम ऐकायचा असेल तर परतीची सोय रात्रीच्या गाडीची किंवा बसची करा, आणि ती आधीच करा. ऐनवेळी खासगी बसवाला शनिवार-रविवारचा म्हणून जो दर सांगतो, तो तुमच्या दिवसभराच्या बजेटमधला सगळ्यात मोठा आकडा ठरू शकतो.

काय फुकट, काय नाही

जहांगीर आर्ट गॅलरी सकाळी अकरा ते संध्याकाळी सात, फुकट. समोरच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात भारतीयांना २० रुपये, परदेशी पाहुण्यांना ५०० रुपये, सोमवारी बंद. आधार किंवा तसं काही ओळखपत्र जवळ असू द्या. अमेरिकेहून आलेल्या, परदेशी पासपोर्टवाल्या भाच्याला घेऊन जात असाल तर त्याला वरचा दर लागू शकतो. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं तिकीट वेगळं आहे, महोत्सवात धरलेलं नाही. ते बघायला निदान तीन तास लागतात, म्हणून महोत्सवाच्या दिवशी उरकण्याच्या नादी लागू नका.

कार्यशाळा आणि वारसा-फेऱ्यांना आधी नोंदणी लागते आणि जागा मोजक्या असतात. कार्यक्रमपत्रिका जाहीर झाली की त्याच दिवशी नाव घाला. बहुतेक फुकट असतात, काहींना साहित्याचे पैसे पडतात. ‘साहित्य सोबत आणावे’ ही ओळ शेवटी बारीक अक्षरात असते, ती शोधून वाचा, नाहीतर तिथल्या स्टॉलवर रंग-ब्रश चढ्या भावाने घ्यावे लागतात. आणि नोंदणी झाली म्हणजे खुर्ची मिळाली असं नाही. सभागृहातल्या कार्यक्रमाला अर्धा तास आधी रांगेत असा.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. रॅम्पार्ट रोला लागून असलेली रेस्टॉरंटं महागडी आहेत. दहा मिनिटं फोर्टात आत चाललात की उडुपी हॉटेलात निम्म्याहून कमी पैशांत पोट भरतं. महागड्या जागी बसलातच तर बिलावरची ‘सर्व्हिस चार्ज’ची ओळ बघा. तो द्यायचा की नाही हे तुमच्या मर्जीवर आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये तसं सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. ‘काढून द्या’ म्हटलं की काढून देतात. जीएसटी मात्र द्यावाच लागतो. पाण्याची बाटली घरून आणा. गर्दीत मोबाइलचं नेटवर्क अडतं, यूपीआय चालत नाही, म्हणून हजार-दीड हजार सुटे जवळ ठेवा.

विकत घेताना

लोक इथेच जास्त फसतात, त्यामुळे जरा सविस्तर.

आधी खात्री करा की समोर बसलेला माणूस कलाकार आहे की विक्रेता. विक्रेता असण्यात वाईट काही नाही, पण स्थानिक कलाकाराला पैसे मिळावेत म्हणून तुम्ही घेत असाल तर हे कळलं पाहिजे. ‘हे कोणी केलं, कधी केलं, कशावर केलं?’ असे तीन प्रश्न विचारा. ज्याने केलंय तो लगेच सांगतो, कागद कोणता, रंग कोणता, पहिल्यांदा कुठे बिघडलं, सगळं. विक्रेता ‘हँडमेड आहे साहेब’ यापुढे जात नाही. चित्र उलटं करून मागची बाजू बघा. नाव, वर्ष, माध्यम, आकार मागे लिहिलेलं असलं तर उत्तम. तेच चित्र दुसऱ्या स्टॉलवरही दिसलं तर तो छापील माल आहे.

छापील चित्र कॅनव्हासवर काढून त्यावर पारदर्शक जेलचे चार फराटे मारले की ते हाताने रंगवल्यासारखं दिसतं. ओळखायचं असं: मोबाइलचा कॅमेरा चित्राजवळ नेऊन झूम करा. एकसारखे बारीक ठिपके दिसले तर ती छपाई. मग चित्र उजेडात तिरकं धरा. ब्रशचा उठाव रंगाच्या कडेबरोबर चालतो का ते बघा. पान हिरवं आणि त्यावरचा फराटा मात्र पान सोडून आकाशात गेलेला, असं असेल तर रंग छापलेला आहे आणि उठाव नंतर चढवलेला आहे. छापील प्रत घेण्यात चूक नाही. चूक आहे ती मूळ चित्राची किंमत देऊन घेण्यात. मर्यादित प्रती असतील तर खाली पेन्सिलीने १२/५० असा आकडा आणि सही असते, म्हणजे पन्नासातली बारावी. आकडा नसेल तर कितीही छापता येतात, आणि किंमतही त्याच मानाने द्या.

आता पैसे. हाताने केलेल्या चित्रावर आणि मूळ शिल्पावर जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के आहे, आधी १२ होता. कोणी अजून १२ टक्के लावत असेल तर थांबवा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ज्याच्याकडे जीएसटी क्रमांकच नाही त्याला जीएसटी घेता येत नाही. ‘बिल हवं तर टॅक्स पडेल’ ही अशा माणसाची भाषा खोटी आहे. क्रमांक नसलेल्या कलाकारानेही साधं बिल द्यायचं असतं आणि त्यावर कर नसतो. बिल नाकारणं ही ग्राहक कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे.

समजा, स्टॉलवर ६० बाय ९० सेंटिमीटरचं चित्र ८,००० रुपयांना आहे. विक्रेता नोंदणीकृत असेल तर जीएसटीचे ४०० धरा. ‘फ्रेम वेगळी’ म्हणून २,५०० आणि पॅकिंगचे ३०० सांगितले. झाले ११,२००. हे आकडे समजुतीसाठी आहेत, पण चढण्याची रीत अशीच असते. म्हणून किमतीवर बोलण्याआधी एकच वाक्य बोला: ‘माझ्या हातात पडेपर्यंत एकूण किती?’ आणि तो आकडा बिलाच्या मागे लिहून घ्या.

फ्रेम तिथे करू नका. तुमच्या गावातला, तुमच्या गल्लीतला फ्रेमवाला तेच काम कमी पैशांत करतो. कागदावरचं चित्र असेल तर त्याला दोनच गोष्टी सांगा: काच चित्राला टेकता कामा नये, मध्ये माउंट घाला, आणि मागे साधा पुठ्ठा नको, आम्लमुक्त बोर्ड लावा. याचे थोडे जास्त पडतील, ते द्या. पावसाळ्यात काचेला चिकटलेलं जलरंगाचं चित्र पुन्हा सुटत नाही.

घासाघीस करायची का? गॅलरीत किमतीतला तिसरा हिस्सा ते निम्मी रक्कम अनेकदा गॅलरीकडे जाते. स्टॉलवर कलाकाराला सगळी मिळते, पण त्यातून स्टॉलचं भाडं, येणं-जाणं, नऊ दिवसांचं राहणं निघायचं असतं. ८,००० च्या चित्राला ‘चार हजारांत देता का’ विचारणं म्हणजे त्याच्या कामाला किंमत नाही असं तोंडावर सांगणं, आणि ते करू नये. त्याऐवजी पॅकिंग किमतीत धरायला सांगा. दोन चित्रं घेत असाल तर काही सूट मागा. दोन हप्त्यांत देऊ का, असंही विचारा. हे तिन्ही सहसा मान्य होतं. बजेट दोन हजारांच्या आत असेल तर लहान रेखाटनं, छापचित्रं, पोस्टकार्ड मागून घ्या. बरेच कलाकार ती मांडत नाहीत, खाली पिशवीत ठेवतात. जहांगीरबाहेरच्या फुटपाथवरही वर्षभर कलाकार पाळीपाळीने चित्रं लावतात. तिथे भाडं-कमिशनचा बोजा कमी असल्याने त्याच पैशांत जास्त चित्र मिळतं.

बिलावर कलाकाराचं नाव, चित्राचं नाव, माध्यम, आकार, वर्ष आणि रक्कम असू द्या. मोठ्या खरेदीला सहीचं प्रमाणपत्रही मागा, त्याचे वेगळे पैसे द्यायचे नसतात. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणं कायद्याने बंद आहे, त्यामुळे ‘रोख द्या, कमी करतो’ या बोलण्याला भुलू नका. आणि एक लक्षात असू द्या, चित्र तुमचं झालं तरी कॉपीराइट कलाकाराकडेच राहतो. भिंतीवर लावा, भेट द्या, विका. पण कंपनीच्या कॅलेंडरवर किंवा टी-शर्टवर छापायचं असेल तर त्याची लेखी परवानगी आणि वेगळा मोबदला लागतो.

घरी नेताना

छोटं चित्र स्वतः न्या. रविवारी संध्याकाळच्या लोकलमध्ये तीन फुटी कॅनव्हास घेऊन चढायचा विचारही नको. अ‍ॅक्रिलिकचं, पातळ थराचं चित्र चौकटीवरून काढून गुंडाळून देतात का विचारा. गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर हवी. आत ठेवली तर रंगाचा थर दाबला जातो. जाड थराचं तैलचित्र कधीच गुंडाळू देऊ नका. आणि रंगावर थेट बबल-रॅप लावू देऊ नका. उन्हात, बंद डिकीत त्याचे गोल ठसे रंगावर उमटतात. आधी बटर पेपर, मग बबल-रॅप, मग चारी कोपऱ्यांना पुठ्ठा.

कुरिअरने पाठवायचं तर इथे मोठा छुपा खर्च आहे. कुरिअरवाले वजनाबरोबर आकारही मोजतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकाराला बहुधा ५,००० ने भागतात. ६० × ९० × १० सेंटिमीटरच्या खोक्याचं उत्तर येतं १०.८, म्हणजे चित्र तीन किलोचं असलं तरी पैसे अकरा किलोचे. खोकं दहाऐवजी सहा सेंटिमीटर जाड केलं तर साडेसहा किलो होतात. हे आधी स्टॉलवाल्याशी बोला. विमा वेगळा घ्यावा लागतो. न घेतल्यास फुटलं-फाटलं तर कुरिअरची जबाबदारी फार थोड्या रकमेपुरती असते. विम्यासाठी बिल लागतंच. परदेशी नेणार असाल तर निर्मितीचं वर्ष लिहिलेलं बिल हातातल्या सामानात ठेवा. शंभर वर्षांपेक्षा जुन्या चित्र-शिल्पांना देशाबाहेर नेता येत नाही, आणि जुनाट दिसणाऱ्या वस्तूवर विमानतळावर प्रश्न येतात.

घरी उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढा. माल सदोष निघाला आणि बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देता येत नाही, ‘एकदा विकलेला माल परत नाही’ असा शिक्का असला तरी. आधी कलाकाराशी फोनवर बोला. बहुतेक वेळा तिथेच मिटतं. नाही मिटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जायची वेळ आली, तर पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

तुम्ही स्वतः कलाकार असाल तर

स्टॉलसाठी अर्ज महोत्सवाच्या कित्येक महिने आधी मागवले जातात आणि निवड होते. दिवाळीनंतर चौकशी करणाऱ्यांना बहुधा उशीर झालेला असतो. हाच महोत्सव असो की तुमच्या शहरातला दुसरा, भाड्याचा आकडा ऐकलात की लगेच विचारा: यावर जीएसटी वेगळा का? आयोजक नोंदणीकृत असेल तर भाड्यावर १८ टक्के पडतात. ३०,००० चं भाडं मग ३५,४०० होतं. टेबल, दिवा, प्लगपॉइंट, रात्रीची राखण, अनामत, पावसामुळे किंवा परवानगीमुळे रद्द झाल्यास परतावा, यातलं भाड्यात काय धरलंय ते ईमेलवर घ्या. तोंडी नको.

कागदपत्रं फार लागत नाहीत. पॅन, आधार, रद्द केलेला चेक, कामाचे फोटो. उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद) मागितली तर ती सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅनवर होते आणि पूर्ण फुकट आहे. दीड-दोन हजार मागणारा एजंट तुमच्या नावाने तोच फॉर्म भरतो. हस्तकला कारागिरांच्या पहचान कार्डालाही फी नाही. महाराष्ट्रात राहून महाराष्ट्रातच वस्तू विकणाऱ्याला वर्षाच्या ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. गोवा किंवा कर्नाटकातून येऊन मुंबईत स्टॉल लावणार असाल तर नियम वेगळे आहेत, सीएला आधी विचारा. कॉपीराइटसाठी नोंदणी लागतेच असं नाही, चित्र केल्याबरोबर तो तुमचा होतो. नोंदवायचा असेल तर एका चित्राला ५०० रुपये फी. तेच चित्र वस्तूंवर छापून विकायचं असेल तर २,०००.

यूपीआयवर बँक खात्यातून आलेल्या पैशांना शुल्क नाही. कार्ड-मशीनवर काही टक्के कापले जातात, ते किमतीत आधीच धरा, ग्राहकाला ‘कार्डचे दोन टक्के जास्त’ सांगू नका. आणि अर्जासोबतचे फोटो दिवसाच्या उजेडात, काच काढून, चारही कडा दिसतील असे काढा. निवड करणाऱ्यांना तुमचं चित्र पहिल्यांदा दिसतं ते तिथेच.